शाळेच्या ऑटो क्लबची गंजलेली गाडी: सारखे सारखे येणारे प्रश्न

क्लब सुरू झाल्यापासून मुलं, पालक आणि दुसऱ्या शाळांतले सर-मॅडम जे प्रश्न विचारत आलेत तेच इथे एका जागी आणलेत. मी वर्कशॉप शिकवतो, आमची गाडी म्हणजे एक जुनी पिकअप, आणली तेव्हा ड्रायव्हर सीटखालून थेट जमीन दिसायची. उत्तरात "आमच्याकडे" असं आलं की ते तिच्याबद्दल. सोपे प्रश्न आधी आहेत, डोकेदुखीचे शेवटी.

१. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, तरी क्लबात येऊ का?

ये की. पहिले काही महिने काम म्हणजे खोलणं, घासणं, धुणं, फोटो काढणं आणि पिशव्यांवर नावं लिहिणं, यात आधी काही येत असण्याचा प्रश्नच येत नाही. उलट ज्याला "सगळं येतं" तो पान्हा लावून बोल्ट तोडतो, असा आमचा अनुभव आहे. मुलींना जमेल का असंही कोणीतरी दरवर्षी विचारतंच, आमच्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) टेबलावर सध्या तिघी आहेत आणि त्यांच्या जेट, म्हणजे त्यातली बारीक भोकं, साफ करण्यात मी लक्ष घालत नाही, गरजच पडत नाही.

२. कुठली गाडी घ्यावी? एकजण फुकट देतोय, घेऊ का?

घ्या, पण आधी तिचे पार्ट मिळतात का ते बघा. फोक्सवॅगन बीटल १९३८ ते २००३ एवढा काळ बनत होती, २ कोटी १० लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे फ्लोअरच्या पत्र्यापासून रबरापर्यंत सगळं अजून कोणीतरी बनवतंय. याउलट दोन-तीन वर्षंच बनलेली दुर्मिळ गाडी दिसायला भारी असते पण तिच्या एका काचेसाठी क्लब वर्षभर थांबून राहतो आणि तोवर निम्मी मुलं शाळा सोडून गेलेली असतात.

दुसरं म्हणजे गंज जास्त असला तरी चालेल पण गाडी अख्खी पाहिजे. कोणीतरी अर्धी खोलून पोत्यांत भरून ठेवलेली गाडी कधीच घेऊ नका, कारण कुठला बोल्ट कुठला हे सांगणारं कोणी नसतं. आणि क्लब अगदी नवीन असेल तर सरळ एखादी जुनी मोटरसायकल किंवा स्कूटर घ्या, जॅक लागत नाही, एका टेबलाभोवती आठ मुलं उभी राहू शकतात आणि एका वर्षात ती चालू झालेली दिसते.

३. घ्यायच्या आधी गंज किती खोल आहे ते कसं ओळखायचं?

रंगाकडे बघूच नका. नवा चकचकीत रंग मारलेली जुनी गाडी जास्त संशयास्पद. आम्ही तीन वस्तू घेऊन जातो: छोटं लोहचुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च. चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचं, जिथे पकड एकदम सुटते तिथे खाली लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरलेली आहे किंवा पत्राच नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकायचं, चांगला पत्रा टणटण वाजतो आणि कुजलेला थपथप. मालकासमोर टोक खुपसायच्या आधी त्याला विचारा, एवढं तरी.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: दरवाजाखालची पट्टी म्हणजे सिल, चाकांच्या कमानी, बॅटरीचा ट्रे, पुढच्या काचेचे खालचे कोपरे, मॅटखालचा फ्लोअर, आणि जिथे स्प्रिंग किंवा सस्पेन्शन बॉडीला धरतं ती जागा. पाणी आणि माती जिथे अडकून बसते तिथे गंज, इतकं सोपं आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीला वेगळी चेसिस (सगळं वजन पेलणारा खालचा सांगाडा) आहे का बॉडीच चेसिस आहे. वेगळी चेसिस असेल तर चेसिस धड असली की बाकी पत्रा बदलता येतो. बॉडीच चेसिस असेल तर सिल गेली म्हणजे गाडीचा कणाच गेला, अशी गाडी जॅकवर उचलली की दरवाजाच्या फटी बदलतात, ही टेस्ट जागेवर करता येते, दरवाजा बंद ठेवून थोडंसंच उचला आणि फट बघा.

ॲल्युमिनियमची बॉडी म्हणून निवांत राहू नका. १९४८ ला आलेल्या लँड रोव्हरची बॉडी बरीचशी ॲल्युमिनियमची होती कारण युद्धानंतर पोलाद मिळत नव्हतं, पण खालची चेसिस पोलादाचीच, ती आतून कुजते. आणि जिथे ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटून असतात आणि ओल असते तिथे ॲल्युमिनियमच आधी खातं, पांढरी भुकटी दिसते.

४. गंजावर डायरेक्ट रंग मारला तर का नाही चालत?

कारण गंज रंगाखाली चालूच राहतो. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन तिन्ही एकत्र आले की गंज होतो, मीठ असेल तर फार जोरात. झालेला गंज भुसभुशीत असतो, स्पंजसारखी ओल धरून ठेवतो आणि मूळ लोखंडापेक्षा खूप जास्त जागा घेतो. म्हणूनच रंगाला फोड येतात आणि दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतील तर त्यांच्या मधला गंज त्यांना फाकवतो, आम्ही आमच्या पिकअपच्या मागच्या जोडात चक्क बोटाएवढी फाक बघितली. वरून छान दिसणारा फोड फोडला की आत नाण्याएवढं भोक निघतं, आणि घासल्यावर ते तळहाताएवढं होतं. याची तयारी मनाची आधीच करून ठेवा.

५. गाडी शाळेत आली, पहिल्या दिवशी काय करायचं?

काहीही खोलू नका. मला माहितीये मुलं पान्हे घेऊन उभी असतात, तरी नाही. आधी बॅटरी काढा (निगेटिव्ह वायर आधी सोडायची, लावताना शेवटी लावायची, म्हणजे पान्हा बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही). मग टाकीतलं जुनं पेट्रोल शिक्षकाने किंवा मेकॅनिकने मोकळ्या हवेत बंद होणाऱ्या धातूच्या डब्यात काढायचं, आसपास एकही ठिणगी नको. मग गाडी धुवा, आतून उंदरांची घरटी साफ करा, हातमोजे आणि मास्क घालून.

आणि मग फोटो. प्रत्येक बाजूने, प्रत्येक वायरचा, प्रत्येक क्लिपचा, पार्ट खोलायच्या आधी एक आणि अर्धा खोलल्यावर एक. नट-बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीवर कुठून काढला ते आणि तारीख. आमच्या पहिल्या वर्षी एका पठ्ठ्याने सगळ्या पिशव्यांवर फक्त "महत्त्वाचे" असं लिहिलं होतं. अजून त्यातल्या चार पिशव्या कपाटात आहेत.

६. गाडीखाली मुलांना जाऊ द्यायचं का?

जॅक स्टँड असल्याशिवाय कोणीच जायचं नाही, मुलंही नाही आणि मीही नाही. जॅक फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला नाही, हायड्रॉलिक जॅकचं एक सील गेलं की गाडी खाली. सपाट काँक्रीट, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, उचलायचं, स्टँड लावायचे, जॅक सैल करून वजन स्टँडवर टाकायचं, मग गाडीला हाताने जोरात हलवून बघायचं, आणि मगच खाली. विटा, सिमेंटचे ब्लॉक यांवर गाडी ठेवायची नाही, ते न सांगता फुटतात.

पण गंजलेल्या गाडीत एक वेगळाच प्रॉब्लेम येतो, जिथे जॅक लावायची जागा असते तीच कुजलेली असते आणि स्टँड पत्र्यातून आरपार वर येतो. तेव्हा ॲक्सलखाली किंवा चेसिसच्या टणक भागाखाली स्टँड लावा, आणि जागा आधी प्रश्न ३ सारखी ठोकून बघा.

७. कपड्यांचे, केसांचे नियम एवढे कडक का?

फिरणारी वस्तू माफ करत नाही. केस बांधलेले, ओढणी नाही, गळ्यात आयडी कार्डाची दोरी नाही, अंगठी-घड्याळ काढून ठेवलेलं (बॅटरीच्या टर्मिनलला पान्हा आणि अंगठी एकदम लागली तर अंगठी लाल होते). ग्राइंडर आणि वायर ब्रशला पूर्ण चेहऱ्याची शील्ड पाहिजे कारण ब्रशचे तार सुटून सुईसारखे उडतात. ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, हे सगळ्यांना उलटं वाटतं, पण मोजा अडकला की हात सोबत जातो.

८. बोल्ट जाम आहेत, जोर लावला तर डोकं गोल होतंय. काय करू?

जोर लावणं थांबवा. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि घरी जा. खरंच. दुसऱ्या दिवशी परत मारा. मग सहा कोनांचा सॉकेट लावा, बारा कोनांचा नाही, आणि आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवून मग सोडवा, पुढे-मागे, पुढे-मागे, गंजाची भुकटी बाहेर येऊ द्या. तरीही नाही तर गरम करायचं, म्हणजे नट फुगतो आणि पकड सुटते, पण पेट्रोलची लाइन, ब्रेकची लाइन, रबर किंवा ताजं मारलेलं ऑइल जवळ असेल तर ज्योत अजिबात नाही.

बोल्ट तुटलाच तर घाईघाईत एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला बोल्ट काढायचं हत्यार) ठोकू नका. तो फार कडक पोलादाचा असतो, तोच आत तुटला तर त्याला साधं ड्रिल लागत नाही, आमच्या एका एक्झॉस्टच्या बोल्टची कहाणी अशीच तीन आठवडे चालली. आधी उलट्या दिशेच्या ड्रिल बिटने भोक पाडून बघा, पुष्कळदा भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. आणि बोल्ट अजिबातच हलत नसेल, अगदी पहिल्यापासून, तर प्रश्न १९ वाचा, कदाचित तुम्ही आवळताय.

९. गंज काढायला सगळ्यात बेस्ट काय? व्हिनेगर, केमिकल का मशीन?

पार्ट बघून ठरवायचं. मोठ्या जाड गोष्टी (चेसिस, ब्रॅकेट) ग्राइंडर आणि वायर ब्रशने. पातळ बॉडीच्या पत्र्यावर सँड ब्लास्टिंग (हवेच्या जोराने वाळू मारणं) जपून, जवळून जोरात मारलं की पत्रा वाकडा होतो आणि मग तो परत सरळ होत नाही. छोटे पार्ट, नट-बोल्ट, बिजागऱ्या यांना साधं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी, एक रात्र बुडवून ठेवायचं, काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं, लगेच वाळवायचं आणि लगेच ऑइल किंवा प्रायमर. "लगेच" दोनदा लिहिलंय कारण ॲसिडमधून काढलेलं उघडं लोखंड तासाभरात परत तांबूस होतं. दिवसेंदिवस ॲसिडमध्ये विसरलात तर चांगलं लोखंडही खाऊन टाकतं.

गंज कन्व्हर्टर म्हणून मिळतो तो फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडचा असतो, गंजाला काळ्या टिकाऊ थरात बदलतो. तो हात न पोचणाऱ्या जागी, हलक्या गंजावर चांगला आहे. खपल्या पडणाऱ्या जाड गंजावर मारला तर वरचा थर काळा होतो आणि खाली सगळं जसंच्या तसं.

१०. इलेक्ट्रोलिसिसने गंज काढता येतो म्हणे, शाळेत करता येईल?

येईल, आणि केमिस्ट्रीच्या मॅडमना बोलवा, त्यांना आमच्यापेक्षा जास्त आवडतं. प्लास्टिकच्या टबात पाणी, ४ लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट). गंजलेला पार्ट बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, आणि कोणताही टाकाऊ लोखंडी तुकडा पॉझिटिव्हला, दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. बुडबुडे सुरू होतात आणि एका रात्रीत गंज सैल होऊन काळा गाळ होतो. याची मजा अशी की ते चांगलं लोखंड खात नाही, त्यामुळे पार्ट जास्त वेळ राहिला तरी टेन्शन नाही.

उलटं जोडलं तर मात्र तुमचाच पार्ट विरघळायला लागतो, म्हणून वायरी दोघांनी तपासायच्या. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, त्यातून हेक्साव्हॅलंट क्रोमियम पाण्यात उतरू शकतं, ते विषारी आहे. बुडबुडे हायड्रोजनचे असतात म्हणून टब बाहेर मोकळ्यावर, ठिणगी लांब, आणि पार्ट हलवायच्या आधी चार्जर बंद. ॲल्युमिनियमचे पार्ट त्यात टाकू नका, सोड्याच्या पाण्यात ते खराब होतात. स्प्रिंग आणि फार कडक पोलादाचे पार्टसुद्धा नाहीत, हायड्रोजन आत शिरला की ते ठिसूळ होतात आणि पुढे अचानक तुटतात. आणि आजकालचे काही स्मार्ट चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर चालूच होत नाहीत, "सर करंटच येत नाही" याचं कारण बऱ्याचदा हेच.

११. भोकं पडलीत. लांबी भरून सपाट केलं तर कोणाला कळणार आहे?

पुढच्या पावसाला कळेल. लांबी ओल शोषते आणि मागून गंज चालूच असतो. लांबी ही चांगल्या, साफ, पूर्ण पत्र्यावरचा हलका खड्डा भरायला असते, आम्ही ३ मिलिमीटरच्या वर थर जाऊ देत नाही. भोकाला इलाज एकच, कुजलेलं चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून काढणं आणि नवीन ठिगळ वेल्ड करणं. बरीच मुलं इथे हळहळतात, कारण पाच सेंटीमीटरचं भोक वीस सेंटीमीटरचं होतं. होऊ दे. गंजलेल्या कडेवर वेल्डिंग धरतच नाही, नुसतं वितळून भोक मोठं होत जातं.

सिल कापायची असेल तर कापायच्या आधी दरवाजाच्या जागेत आडवी-तिरकी लोखंडी पट्टी वेल्डिंगचे टाके मारून लावून घ्या. नाहीतर गाडी मधोमध बसते आणि नवीन सिल लावल्यावर दरवाजा कधीच लागत नाही. ज्या गाड्यांना वेगळी चेसिस नाही तिथे तर हे हवंच.

१२. वेल्डिंग मुलांना करू द्यावं का?

मोठ्या वर्गातल्या मुलांना, शिकलेल्या माणसासमोर आणि आधी भंगार पत्र्यावर भरपूर प्रॅक्टिस करून, हो. बॉडीचा पत्रा साधारण १ मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, त्यावर सलग वेल्ड ओढला तर तो भाजून वाकतो, म्हणून अंतर ठेवून छोटे छोटे टाके मारायचे, एक इकडे एक तिकडे, मधे थंड होऊ द्यायचं, आणि शेवटी टाक्यांनीच जोड भरून काढायचा. चेसिस, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीट बेल्ट जिथे धरतो ती जागा, यांचं वेल्डिंग मुलांचं नाही, ते व्यावसायिक वेल्डरकडून करून घ्यायचं.

दोन गोष्टी मात्र पाठ करा. जस्ताचा थर असलेला पत्रा वेल्ड करायचा तर थर आधी घासून काढायचा, नाहीतर जस्ताचा धूर छातीत जाऊन रात्री थंडी-ताप भरतो. आणि क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग अजिबात करायचं नाही, त्याची वाफ आर्कजवळ आली की फॉस्जीन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला तोच विषारी वायू. क्लीनरच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, आमच्याकडे तो डबा वेल्डिंगच्या खोलीत आणायलाच बंदी आहे.

१३. इंजिन फिरतच नाही. मेलं का?

बहुतेक वेळा नाही, फक्त पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला चिकटल्यात. सेल्फ मारू नका, गाडी ओढून धक्का देऊन तर अजिबात नाही, रिंगा नाहीतर कनेक्टिंग रॉड जाईल. प्लग काढा, प्रत्येक भोकात पेनिट्रेटिंग ऑइल ओता (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल म्हणजे एटीएफ आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं असंही लोक वापरतात, ॲसिटोन भयंकर पेटतं हे लक्षात ठेवून) आणि काही दिवस थांबा. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब दांडा लावून हळू पुढे-मागे. केसभर हललं तरी आनंद करा आणि परत ऑइल ओता. फिरायला लागल्यावर सेल्फ मारण्याआधी प्लगच्या भोकातून तेल बाहेर उडेल म्हणून वर चिंधी, आणि इंजिन ऑइल बदलून.

१४. फिरतं पण चालू होत नाही.

स्पार्क, पेट्रोल, हवा, कॉम्प्रेशन, एका वेळी एकच तपासायचं. मुलं चारही एकदम खोलतात आणि मग नक्की काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. जुन्या गाडीत पहिला संशय पॉइंटवर (स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क), वर्षानुवर्षं पडून त्यावर थर येतो, बारीक पॉलिश पेपरने पुसून गॅप त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा.

कॉम्प्रेशन गेजने बघताना आकडा किती यापेक्षा सगळ्या सिलेंडरमध्ये तो सारखा आहे का हे जास्त बघतो आम्ही, १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. इंजिन बंद खोलीत चालू करायचं नाही, शटर अर्धं उघडं असलं तरी नाही, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

१५. इंजिन चालू झालं! ग्राउंडवर एक चक्कर मारू का?

ब्रेक झालेत का? झाले नसतील तर नाही. दर बॅचला हे भांडण होतं. आमच्याकडे ब्रेक झाल्याशिवाय इंजिनला पेट्रोलच जोडत नाहीत, कारण एकदा चालू झालं की मग कोणी ऐकत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि तेच पाणी आतून व्हील सिलेंडर गंजवतं. त्यामुळे बरीच वर्षं उभ्या गाडीत मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडर, रबरी होज आणि गंजलेल्या लोखंडी लाइन हे सगळं बदलायचं असं धरूनच चला. डॉट ३, ४ आणि ५.१ एका जातीचे, पण डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते यांच्यात मिसळायचं नाही, नंबर जवळचा दिसतो म्हणून फसायला होतं. इंजिन ऑइल चुकून ब्रेकच्या टाकीत गेलं तर रबर फुगतात, सगळी सिस्टिम खोलावी लागते. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्याने धुवा.

एक फसवं लक्षण: पेडल सोडलं तरी चाक धरून राहतं. सगळे ड्रम खोलत बसतात, पण कित्येकदा जुना होज आतून सुजलेला असतो, दाबाने ऑइल जातं पण परत येत नाही.

१६. पेट्रोलच्या टाकीला भोक आहे, वेल्ड करायची का?

नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. धुतली, वाळवली, वर्षभर उघडी ठेवली तरी शाळेत तिच्यावर ग्राइंडर किंवा वेल्डिंग नाही. टाकी दुरुस्त करणाऱ्याकडे द्या किंवा बदला. आतला नुसता गंज असेल तर सायट्रिक ॲसिडने काढता येतो (पद्धत प्रश्न ९ ची), आणि इंजिनच्या आधी नवीन फिल्टर लावा.

१७. जुन्या गाडीला आजचं पेट्रोल चालतं का?

चालतं, दोन गोष्टी सांभाळून. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, १९२० च्या दशकात सुरू झालं आणि अल्जेरियाने जुलै २०२१ मध्ये बंद केल्यावर रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते जगातून संपलं. ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला झीज होऊ देत नव्हतं. हळू, थोडी चालवायची गाडी असेल तर फार काळजी नको, हेड कधी खोललंच तर कडक सीट बसवून घ्या. दुसरं इथेनॉल, आजच्या पेट्रोलमध्ये ते मिसळलेलं असतं, ते जुन्या रबराला खातं आणि पाणी ओढतं. म्हणून पेट्रोलचे सगळे होज इथेनॉलला चालणारे नवीन टाका आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकीत महिनोन् महिने पेट्रोल ठेवू नका.

१८. जुन्या रंगात शिसं आणि ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस असतं म्हणतात, पालक घाबरलेत.

बरोबर घाबरलेत. जुन्या ब्रेक लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये, काही गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते बघून ओळखता येत नाही, म्हणून आहे असंच समजायचं. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, झाडायचं नाही, ओलं करून ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बंद. हे काम आम्ही मुलांना देतच नाही. जुना रंग कोरडा घासायचा नाही, पाणी लावून घासायचा, हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही.

नवीन रंगाचंही ऐका: दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा रंग आयसोसायनेटचा असतो, त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा लागू शकतो आणि साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. घासणं, प्रायमरची तयारी, टेप लावणं मुलांचं, हा फवारा रंगाऱ्याच्या बूथमध्ये.

१९. एका बाजूच्या चाकाचे नट सुटतच नाहीत, दुसऱ्या बाजूचे सहज सुटले. असं कसं?

उलटे आटे. क्रायसलरच्या जुन्या गाड्यांसारख्या काहींना डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्याचे नट असायचे, म्हणजे चाक फिरताना नट सैल होऊ नये. बोल्टच्या टोकावर बऱ्याचदा "एल" अक्षर कोरलेलं असतं, ते गंजाखाली गेलेलं असतं, घासून बघा. पान्हा "जवळजवळ" बसतोय असं वाटलं तर तेही गंजामुळे असेलच असं नाही, जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ मापाचे बोल्ट असतात, मिलिमीटरचा पान्हा त्यांची डोकी गोल करतो.

२०. बॅटरी लावली आणि बल्ब फटाफट उडाले, का?

गाडी ६ व्होल्टची असणार आणि बॅटरी १२ ची. बऱ्याच जुन्या गाड्या, कितीतरी बीटलसुद्धा, ६ व्होल्टच्या होत्या. आणखी एक गंमत म्हणजे जुन्या ब्रिटिश गाड्यांत पुष्कळदा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं, तिथे सवयीने निगेटिव्ह जोडलं तर डायनॅमो आणि रेडिओ दोघांचं नुकसान होऊ शकतं. अशा गाडीत प्रश्न ५ मधला बॅटरीचा नियमही फिरतो, जी वायर बॉडीला जाते ती आधी सोडायची, मग ती कुठलीही असो. जुन्या वायरीचं कव्हर हाताने चुरलं जात असेल तर तुकडे तुकडे जोडू नका, पूर्ण वायरिंग नवीन आणि प्रत्येक लाइनला फ्यूज.

२१. टायरचे गट्टू नव्यासारखे आहेत, ठेवले तर?

साइडवरचा शेवटचा चार आकड्यांचा कोड बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, गाडी ढकलायला ठेवा, चालवायला नाही. रबर न वापरताही कडक होतं.

२२. चेसिस नंबरची जागाच गंजून गेलीये, कापून नवीन पत्रा लावू का?

थांबा, ग्राइंडर खाली ठेवा. तो नंबर म्हणजे गाडीची ओळख, तो मुद्दाम किंवा चुकून गेला तर गाडी रस्त्यावर आणणं फार अवघड होऊन बसतं आणि संशय वेगळाच. आधी फोटो, मग तेल लावून मऊ ब्रशने हळू साफ करा, अक्षरं बऱ्याचदा खाली शिल्लक असतात. १७ अक्षर-आकड्यांची पद्धत अमेरिकेत १९८१ पासूनची आहे, त्याआधीचे नंबर छोटे आणि प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून "अर्धा नंबर गेलाय" असं वाटून घाबरू नका. खरंच गेला असेल तर वाहन नोंदणी कार्यालयाकडून लेखी घेऊनच पुढचं काम. आमच्या पिकअपचा शेवटचा आकडा ३ आहे का ८ यावर क्लबात अजून दोन गट आहेत. कागदावर ८ आहे.